टर्मिनल, कंट्रोलर, सेशन, एलयू: जुन्या होस्टच्या जोडणीतले शब्द नेमके कुठे बसतात

प्रश्न थोडक्यात असा. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर्स आणि डिस्पॅचचं काम अजून एएस/४०० या आयबीएमच्या जुन्या संगणकावर चालतं. शेजारच्या शेडमध्ये जुना युनिक्स सर्व्हर आहे आणि त्याला सिरियल टर्मिनल (नुसता पडदा आणि कीबोर्ड) जोडलेले आहेत. आयटीत नव्याने आलेल्या माणसाच्या हाती जुन्या फायलींचा गठ्ठा आलाय. त्यात होस्ट, कंट्रोलर, ट्विनॅक्स, पीयू, एलयू, व्हर्च्युअल डिव्हाइस, टर्मिनल सर्व्हर, टीएन५२५०, नल मोडेम असे शब्द पानोपानी आहेत. यातले कुठले शब्द एकाच गोष्टीचे आहेत, कुठले वेगळे? आणि ‘स्क्रीन अडकली’ असा फोन आला की सुरुवात कुठून करायची?

दोन्ही शेडमध्ये ‘टर्मिनल’ म्हणतात, पण त्या दोन यंत्रणांची घडण मुळातच वेगळी आहे. हा फरक आधी समजून घ्या, कारण निम्मे शब्द त्यामुळेच वेगळे पडतात.

युनिक्सकडचं टर्मिनल अक्षर-अक्षर बोलतं. कळ दाबली की ते अक्षर लगेच तारेवरून होस्टकडे, म्हणजे ज्याला टर्मिनल जोडलंय त्या मुख्य संगणकाकडे जातं, होस्ट ते परत पाठवतो आणि तेव्हा कुठे ते पडद्यावर उमटतं. या परत पाठवण्याला एको म्हणतात. डेक या कंपनीचं १९७८ सालचं व्हीटी१०० हे या घराण्यातलं सगळ्यात प्रसिद्ध टर्मिनल. आजच्या पुटीसारख्या प्रोग्रामनाही त्याचीच भाषा कळते. एएस/४०० कडचं ५२५० आणि मेनफ्रेम या आयबीएमच्या मोठ्या संगणकाकडचं ३२७० (१९७१) ही ब्लॉक मोडची टर्मिनलं. होस्ट एक अख्खा फॉर्म पाठवतो: कुठलं फील्ड भरायचं, कुठलं संरक्षित, कुठे फक्त आकडे चालतील. माणूस टाइप करतो ते टर्मिनलच्या स्वतःच्या मेमरीत साठतं, होस्टला त्याचा पत्ताही नसतो. एंटर किंवा एखादी फंक्शन की दाबली की बदललेली फील्डं आणि कुठली की दाबली त्याचा एक बाइटचा कोड असं सगळं एकदम जातं. त्या कोडला एआयडी म्हणतात.

फोनवर याचा उपयोग असा. ‘अक्षरं उमटतायत, पण पुढे जात नाही’ असं युनिक्सवाला म्हणाला, तर तार, पोर्ट आणि होस्ट तिन्ही जिवंत आहेत, कारण अक्षर होस्टपर्यंत जाऊन परत आलंय. (टर्मिनलवर लोकल एको चालू असेल तर ही खूण फसवी ठरते. पण दोन्हीकडून एको चालू असला की प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं, म्हणून ते लवकर कळतं.) हेच वाक्य एएस/४०० वाल्याने म्हटलं तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. नेटवर्कची वायर उपटलेली असली तरी ब्लॉक मोडच्या पडद्यावर फील्डमध्ये अक्षरं उमटत राहतात. एंटर दाबल्यावर काय होतं, हे विचारायचं.

आता एएस/४०० ची बाजू. हे नाव १९८८ चं. पुढे आयसिरीज, सिस्टीम आय आणि आता पॉवर सर्व्हरवरचं आयबीएम आय अशी नावं बदलत गेली, पण फायलीत चारही सापडतील आणि टर्मिनलच्या बाबतीत चारही एकच समजा.

जुन्या पद्धतीत मशीनमध्ये वर्कस्टेशन कंट्रोलर नावाचं कार्ड असायचं. त्याच्या पोर्टांमधून ट्विनॅक्स केबल निघायची. ट्विनॅक्स म्हणजे एका जाळीच्या आवरणात दोन तारा, वेग सेकंदाला १ मेगाबिट, एका माळेची लांबी जास्तीत जास्त सुमारे १,५२५ मीटर. एका पोर्टवर सात उपकरणांपर्यंत माळ लावता येते आणि प्रत्येकाला ० ते ६ मधला वेगळा पत्ता द्यावा लागतो. टर्मिनेशन फक्त माळेतल्या शेवटच्या उपकरणावर चालू ठेवायचं, मधल्या सगळ्यांवर बंद. यात दोन चुका नेहमी होतात. एक, दोन उपकरणांना एकच पत्ता. मग दोन्ही आलटूनपालटून मरतात आणि ज्याला हातही लावलेला नाही तोच माणूस आधी तक्रार करतो. दोन, शेवटचं टर्मिनल काढून नेलं, पण त्याच्या आधीच्यावर टर्मिनेशन चालू केलं नाही. मग सिग्नल उघड्या टोकावरून परत फिरतो आणि माळेतली इतर उपकरणं अधूनमधून तुटतात. पोर्ट ० पत्ता ० हे कन्सोलचं, म्हणजे मशीन चालवायच्या मुख्य टर्मिनलचं ठिकाण, तिथे दुसरं काही लावू नका.

मेनफ्रेमच्या ३२७० ला ट्विनॅक्स नसतो, साधी कोॲक्स असते, प्रत्येक टर्मिनलला कंट्रोलरपासून स्वतंत्र तार. ती केबल आरजी-६२, ९३ ओहमची. पातळ इथरनेटची आरजी-५८ ही ५० ओहमची, सीसीटीव्हीची आरजी-५९ ही ७५ ओहमची. तिन्हींच्या टोकाला बीएनसी कनेक्टरच बसतो, त्यामुळे पुण्याच्या तापकीर गल्लीत ‘बीएनसीची वायर’ एवढंच मागितलं तर सीसीटीव्हीची मिळेल. दहा-वीस मीटरवर ती चालूनही जाते आणि लांब अंतरावर अधूनमधून दगा देते. असला दोष पकडायला सगळ्यात वाईट. आवरणावर छापलेला आकडा वाचून घ्या.

लांबच्या शाखेत टर्मिनल हवे असतील तर तिथे रिमोट कंट्रोलर बसायचा, एएस/४०० साठी ५२९४, ५३९४, ५४९४ आणि मेनफ्रेमसाठी ३२७४, ३१७४. शाखेतली टर्मिनलं कंट्रोलरला जोडलेली, कंट्रोलर लीज्ड लाइन आणि मोडेमवरून होस्टला. फायलीत ‘कंट्रोलर’ शब्द आला की तो मशीनमधलं कार्ड आहे, शाखेतला डबा आहे की फक्त सॉफ्टवेअरमधली एक नोंद आहे, ते बघा. तिन्हींना हाच शब्द वापरतात, आणि आज तुमच्याकडे बहुधा तिसराच प्रकार उरलाय.

कारण आता टर्मिनल म्हणजे पीसीवरचा एम्युलेटर, टर्मिनलची नक्कल करणारा प्रोग्राम. तो टीसीपी/आयपीवरून टेलनेटने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायच्या रीतीने) येतो. पण एएस/४०० च्या आतली रचना अजून ‘कंट्रोलरला लागलेलं डिव्हाइस’ याच हिशेबाची आहे, म्हणून ती आपल्यापुरतं एक व्हर्च्युअल कंट्रोलर आणि त्याखाली व्हर्च्युअल डिव्हाइस उभं करते. कंट्रोलरचं नाव क्यूपीएसीटीएल आणि पुढे दोन आकडे, डिव्हाइसचं क्यूपीएडीईव्ही आणि पुढे चार आकडे, उदाहरणार्थ क्यूपीएडीईव्ही०००१. एम्युलेटरमध्ये वर्कस्टेशन आयडी दिलेला नसेल तर जे मोकळं असेल ते नाव मिळतं. आज स्टोअर्सचा पीसी ०००३, उद्या ०००७. प्रोग्राममध्ये डिव्हाइसच्या नावावरून प्रिंटर ठरत असेल (आरपीजी या आयबीएमच्या भाषेतल्या जुन्या प्रोग्रामांत हे भरपूर आढळतं) तर डिस्पॅचचं चलन भलत्याच टेबलावर छापून निघतं. उपाय म्हणजे एम्युलेटरमध्ये प्रत्येक पीसीला ठरावीक नाव देणं. दहा अक्षरांपर्यंत, पहिलं अक्षर आकडा नको.

किती व्हर्च्युअल डिव्हाइस आपोआप तयार होऊ द्यायची हे क्यूऑटोव्हीआरटी या सिस्टीम व्हॅल्यूत (अख्ख्या मशीनच्या एका सेटिंगमध्ये) असतं. ती शून्य असेल किंवा मर्यादा संपली असेल तर नवा पीसी जोडताना नकार मिळतो, जुने मात्र बिनबोभाट चालू असतात. नकारासोबत चार अंकी कोड येतो आणि तो काय सांगतो हे माहीत असलं की अर्धा तास वाचतो. ८९०१ म्हणजे डिव्हाइस व्हेरी ऑन नाही. ८९०२ म्हणजे डिव्हाइस उपलब्ध नाही, जवळपास नेहमी त्या नावावर आधीच एक सेशन बसलेलं असतं. ८९२५ म्हणजे डिव्हाइस तयार करता आलं नाही. ८९४० म्हणजे आपोआप कॉन्फिगरेशन फसलं किंवा त्याला परवानगीच नाही, तेव्हा क्यूऑटोव्हीआरटी बघा. सगळं नीट झालं तर आय९०२ येतो, तो बहुतेक एम्युलेटर दाखवतही नाहीत.

व्हेरी ऑन आणि व्हेरी ऑफ म्हणजे त्या डिव्हाइसची नोंद कामासाठी खुली करणं आणि बंद करणं. विजेच्या बटणाशी त्याचा संबंध नाही. वर्क विथ कॉन्फिगरेशन स्टेटस ही कमांड (टाइप करायची अक्षरं: डब्ल्यू-आर-के-सी-एफ-जी-एस-टी-एस) डिव्हाइसच्या नावाने चालवली की स्थिती दिसते आणि तिथूनच १ टाकून ऑन, २ टाकून ऑफ करता येतं. ट्विनॅक्सवरच्या खऱ्या टर्मिनलवर कुणी ठरलेल्या मर्यादेइतक्या वेळा चुकीचा पासवर्ड टाकला तर सुरक्षेच्या सेटिंगप्रमाणे ते डिव्हाइस व्हेरी ऑफ होऊ शकतं. पडदा काळा, माणूस म्हणतो मशीन बिघडलं, आणि इलाज फक्त व्हेरी ऑन.

सेशन आणि जॉब हे पुढचे दोन शब्द. टर्मिनल आणि होस्ट यांच्यातली चालू जोडणी म्हणजे सेशन. त्यावर साइन ऑन केलं की होस्टमध्ये क्यूइंटर या सबसिस्टीमखाली (कामं चालवायच्या एका विभागाखाली) एक जॉब, म्हणजे त्या माणसाचं चालू काम, उभा राहतो आणि त्याचं नाव डिव्हाइसचंच नाव असतं. सेशन तुटलं म्हणजे जॉब संपला असं नाही. लाईट गेली, पीसी धाडकन बंद झाला, तर होस्टला कुणी निरोप दिलेला नसतो. त्याच्या लेखी जोडणी चालू आहे. दहा मिनिटांत लाईट आली, पीसीने तेच ठरावीक नाव मागितलं, की ८९०२. टेलनेट सर्व्हरचा टाइम-मार्क टाइमआउट डीफॉल्ट ६०० सेकंदांचा असतो, तोवर थांबलात तर होस्टला जोडणी मेल्याचं आपोआप कळतं. पुढे जॉबचं काय करायचं ते क्यूडीईव्हीआरसीवायएसीएन ही सिस्टीम व्हॅल्यू ठरवते: डिस्कनेक्ट करून ठेवायचा की संपवायचा. डिस्कनेक्ट झालेला जॉब डीफॉल्टने २४० मिनिटं तसाच राहतो आणि त्याच यूजरने त्याच डिव्हाइसवरून परत साइन ऑन केलं तर सोडलेल्या पडद्यावरच उघडतो. लोकांना हा चमत्कार वाटतो, पण ती सोय मुद्दाम केलेली आहे.

थांबायला वेळ नसेल तर तो जॉब हाताने संपवावा लागतो, आणि इथे घाई नको. आधी जॉब दाखवून तो कुठल्या प्रोग्राममध्ये आहे आणि कुठल्या फाइलच्या रेकॉर्डवर लॉक धरून बसलाय ते बघा. मग कंट्रोल्ड पद्धतीने संपवा, अगदीच ऐकत नसेल तर इमीडिएट. कमिटमेंट कंट्रोल (सगळं लिहिलं जाईल नाहीतर काहीच नाही, अशी सोय) नसलेल्या जुन्या प्रोग्राममध्ये चलनाचं हेडर लिहिलं गेलंय आणि खालच्या ओळी नाहीत अशी अर्धवट नोंद मागे राहते. ती शोधून दुरुस्त करायला नंतर अकाउंट्सवाले आणि तुम्ही, दोघांचाही दिवस जातो.

पडद्याच्या तळाशी जी ओळ असते ती स्टेटस लाइन, तिच्याकडे कुणी बघत नाही आणि फोनवर नेमकं तेच विचारायचं असतं. ‘एक्स सिस्टीम’ दिसत असेल तर कीबोर्ड लॉक आहे, होस्टचं उत्तर यायचंय. थांबा, एंटर बडवू नका. ‘एक्स आयआय’ म्हणजे इनपुट इनहिबिटेड: चूक माणसाच्या बाजूची आहे, उदाहरणार्थ संरक्षित जागेत टाइप केलं (त्याचा कोड ०००५). रिसेट की दाबायची, कर्सर फील्डमध्ये आणायचा, संपलं. ‘एमडब्ल्यू’ म्हणजे मेसेज वाट बघतोय. होस्टच अडकला आहे असं वाटत असेल तर सिस्टीम रिक्वेस्ट की (बहुतेक पीसी एम्युलेटरमध्ये शिफ्ट-एस्केप) आणि एंटर, येणाऱ्या मेन्यूत ३ म्हणजे चालू जॉब दाखवा, २ म्हणजे आधीची विनंती थांबवा. २ हा पर्याय वर सांगितलेल्या अर्धवट नोंदींच्या कारणाने साध्या यूजरला शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फील्ड एक्झिट आणि एंटर या वेगळ्या की आहेत हेही नव्या भरतीला पहिल्याच दिवशी सांगा. पहिली फील्ड सोडून पुढे जाते, दुसरी अख्खा फॉर्म पाठवते. कुठली की कीबोर्डवर कुठे बसवलीय हे एम्युलेटरप्रमाणे बदलतं, म्हणून तुमच्या एम्युलेटरचा कीबोर्ड मॅप एकदा छापून टेबलाला चिकटवा.

पीयू आणि एलयू हे शब्द आयबीएमच्या एसएनए या नेटवर्क पद्धतीतले, १९७४ ची. पीयू म्हणजे नेटवर्कमधला डबा: होस्ट हा पीयू टाइप ५, त्याच्यापुढचा, लाइनींचा कारभार बघणारा फ्रंट-एंड प्रोसेसर टाइप ४, शाखेतला कंट्रोलर टाइप २. एएस/४०० समोरच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलू शकतो म्हणून टाइप २.१. एलयू म्हणजे त्या डब्यातून बोलणारं एक टोक, साधारणपणे एक पडदा किंवा एक प्रिंटर. एलयू २ हा ३२७० चा पडदा, एलयू ३ त्याचा प्रिंटर, एलयू ७ हा ५२५० चा पडदा, एलयू ६.२ म्हणजे दोन प्रोग्रामांचं आपसातलं बोलणं. तुमच्या फायलीत एलयूच्या नावांची यादी असेल तर कधीतरी एखाद्या ग्राहकाच्या किंवा बँकेच्या मेनफ्रेमला जोडणी होती असं समजा. ती आज जिवंत नसेल तर हा भाग बाजूला ठेवला तरी चालेल. असलीच, तर एक लक्षात ठेवा. सेशन सुरू करताना होस्ट ‘बाइंड’ नावाचा निरोप पाठवतो, त्यात पडद्याचा आकारही असतो आणि तो लॉगमोड नावाच्या नोंदीतून येतो. एम्युलेटर मॉडेल २ (२४ ओळी, ८० रकाने) आणि लॉगमोड मॉडेल ४ चा (४३ ओळी) अशी विसंगती झाली की सेशन ०८२१ या सेन्स कोडने (नकाराचं कारण सांगणाऱ्या आकड्याने) नाकारलं जातं. ०८०१ म्हणजे समोरचं रिसोर्स उपलब्ध नाही, ०८०५ म्हणजे सेशनची मर्यादा ओलांडली.

टीएन३२७० आणि टीएन५२५० म्हणजे वेगळी केबल किंवा वेगळं यंत्र नव्हे. टेलनेटच्या आतून ब्लॉक मोडचा मजकूर नेण्याची ती ठरलेली रीत आहे. जोडणी झाली की दोन्ही बाजू आधी टर्मिनल टाइप, बायनरी आणि एंड ऑफ रेकॉर्ड या तीन गोष्टी ठरवतात. शेवटच्या गोष्टीशिवाय एक फॉर्म कुठे संपला ते कळणारच नाही. टर्मिनल टाइपचं नाव तिथेच सांगितलं जातं: आयबीएम-३१७९-२ म्हटलं की २४ बाय ८० रंगीत, आयबीएम-३४७७-एफसी म्हटलं की २७ बाय १३२ रंगीत. रिपोर्टचा पडदा उजवीकडे कापला जात असेल तर एम्युलेटरच्या सेशन सेटिंगमध्ये हेच बघायचं. साध्या टेलनेटने किंवा पुटीने एएस/४०० ला गेलात तरी साइन ऑनचा पडदा येतो, कारण होस्ट व्हीटी१०० शीही जुळवून घेतो. पण फंक्शन की नीट चालत नाहीत, एस्केप दाबून मग आकडा असं करावं लागतं. होस्ट जागा आहे का एवढं तपासायला पुरे, रोजच्या कामाला नको. साधं टेलनेट पोर्ट २३ वर चालतं आणि पासवर्ड जवळपास उघडाच जातो. टीएलएसची, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली जोडणी पोर्ट ९९२ वर. वायफायवरून बारकोड स्कॅनर एएस/४०० ला जोडले असतील तर ९९२ वर न्या, यात चालढकल करू नका.

अक्षरांच्या कोडविषयी थोडं, कारण यातून चमत्कारिक तक्रारी येतात. अक्षराला आकडा देण्याच्या दोन पद्धती आहेत: आयबीएमचे हे होस्ट एबसिडिक वापरतात, पीसी आस्की. इंग्रजी कॅपिटल ए हा आस्कीत हेक्स ४१, एबसिडिकमध्ये सी१. भाषांतर एम्युलेटर करतो आणि त्यासाठी त्याला होस्टचं कोड पेज (कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर याचा तक्ता) सांगावं लागतं. एबीसीडी आणि आकडे जवळपास सगळ्या पेजांत सारखे, म्हणून चूक लपून राहते. विरामचिन्हं मात्र हलतात. हेक्स ५ए हे कोड पेज ०३७ मध्ये उद्गारचिन्ह, ५०० मध्ये बंद चौकोनी कंस. हेक्स ४एफ हे ०३७ मध्ये उभी रेघ, ५०० मध्ये उद्गारचिन्ह. ‘एका पीसीवरून पासवर्ड चालतो, दुसऱ्यावरून नाही’ अशी तक्रार असेल आणि पासवर्डात उद्गारचिन्ह असेल तर आधी दोन्ही एम्युलेटरचं कोड पेज ताडून बघा.

आता शेजारची शेड, युनिक्स आणि सिरियल. इथले दोष खरे तारेचे असतात.

आरएस-२३२ मध्ये दोन भूमिका: डीटीई म्हणजे टर्मिनल किंवा संगणक, डीसीई म्हणजे मोडेम. डीटीई ते डीसीई सरळ केबल, डीटीई ते डीटीई उलटवलेली केबल, आणि त्या उलटवलेल्या केबललाच नल मोडेम म्हणतात. नावात मोडेम असलं तरी डबा नसतो. २५ पिनी कनेक्टरवर २ पाठवण्याची, ३ घेण्याची, ७ सिग्नल ग्राउंड. ९ पिनीवर हे फिरतं: २ घेण्याची, ३ पाठवण्याची, ५ ग्राउंड. पूर्ण नल मोडेमला (२५ पिनी) २ ला ३, ३ ला २, ७ ला ७, ४ ला ५, ५ ला ४, आणि एका टोकाची २० दुसऱ्या टोकाच्या ६ व ८ ला, दोन्ही बाजूंनी तसंच. फक्त तीन तारा टाकायच्या असतील तर प्रत्येक टोकाला ४-५ जोडा आणि ६-८-२० एकत्र करा. नाहीतर समोर कोणी नाही असं समजून पोर्ट गप्प बसतो. तीन तारांत हार्डवेअर फ्लो कंट्रोल (वेगळ्या तारेवरून ‘थांब’, ‘सुरू कर’ सांगण्याची सोय) मिळत नाही, हे विसरू नका.

समोरचं उपकरण डीटीई आहे की डीसीई हे कागदपत्रांशिवाय मल्टिमीटरने कळतं. केबल काढा, उपकरण चालू ठेवा, डीसी व्होल्टवर ग्राउंड पिनच्या तुलनेत २ आणि ३ मोजा. रिकामा बसलेला ट्रान्समीटर आपली पिन उणे ५ ते उणे १२ व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो, घेणारी पिन शून्याजवळ असते. २५ पिनीवर २ उणे असेल तर डीटीई, ३ उणे असेल तर डीसीई. ९ पिनीवर याच्या उलट. दोन्ही शून्य असतील तर बहुधा ड्रायव्हर चिप गेलेली आहे. केबल तपासायची तर लांबच्या टोकाला २ आणि ३ एका क्लिपने जोडा आणि टर्मिनलवर टाइप करा: अक्षर परत आलं तर तिथवर तार ठीक.

दोन शेडमध्ये आरएस-२३२ ची तार उघड्यावरून नेलेली असेल तर वळवाच्या पावसात पोर्ट जळतात. वीज थेट पडायची गरज नाही. दोन शेडच्या अर्थिंगमध्ये क्षणभर फरक पडला तरी तो सिग्नल ग्राउंडच्या तारेतूनच वाहतो आणि दोन्ही टोकांच्या चिप घेऊन जातो. आरएस-२३२ चा नेहमीचा ठोकताळा १५ मीटरचा. त्यापलीकडे आणि दुसऱ्या इमारतीत जायचं असेल तर ऑप्टो-आयसोलेटर लावा, किंवा त्याहून बरं म्हणजे फायबरवरून इथरनेट न्या आणि सिरियलचं रूपांतर टर्मिनलजवळच करा. दर मे महिन्यात कार्ड बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

तार बरोबर असूनही कचरा दिसतो तेव्हा कचऱ्याचा प्रकार बघा. सगळंच अगम्य असेल तर वेग जुळत नाही. निम्मी अक्षरं बरोबर आणि निम्मी विचित्र असतील तर पॅरिटी. होस्ट सात बिट आणि इव्हन पॅरिटी पाठवतोय, टर्मिनल आठ बिट, पॅरिटी नाही, असं धरा. इव्हन पॅरिटीत एकांची संख्या सम करायला आठवा बिट वापरतात. कॅपिटल ए म्हणजे १०००००१, दोन एक, आठवा बिट शून्य, अक्षर नीट दिसतं. कॅपिटल सी म्हणजे १००००११, तीन एक, आठवा बिट एक, टर्मिनल त्याला १२८ च्या वरचं काहीतरी समजतं. म्हणून ए आणि बी शाबूत, सी बिघडलेला. लॉगिनच्या ओळीकडे दहा सेकंद बघून हे निदान होतं. वेगाचा अंदाजही मनात असू द्या: ९६०० ला, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट असेल तर एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. भरलेला २४ बाय ८० चा पडदा १,९२० अक्षरांचा, दोन सेकंदांत येतो. त्याला ‘सिस्टीम स्लो आहे’ म्हणू नका.

पॅरिटीचा आपल्याकडे आणखी एक फटका आहे. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठीच्या जिस्ट तंत्रज्ञानावर जी टर्मिनलं काढली ती देवनागरी आयस्की कोडमध्ये पाठवतात (मानक आयएस १३१९४, १९९१). त्यात खालचे १२८ कोड आस्कीचे आणि भारतीय लिपीची अक्षरं वरच्या १२८ मध्ये. लाइन सात बिटांची असेल किंवा युनिक्सच्या टीटीवाय ड्रायव्हरमध्ये (टर्मिनलची लाइन सांभाळणाऱ्या भागात) इस्ट्रिप हे सेटिंग चालू असेल तर आठवा बिट गळतो, इंग्रजी उत्तम दिसतं आणि मराठी नावांच्या जागी रोमन अक्षरांचा काला होतो. फाँट शोधत बसू नका, लाइन दोन्हीकडून आठ बिट, पॅरिटीशिवाय करा आणि इस्ट्रिप बंद करा.

‘स्क्रीन अडकली’ची युनिक्सवरची सगळ्यात सामान्य कारणमीमांसा मात्र फार साधी आहे. सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोलमध्ये एक्सऑफ म्हणजे थांब आणि एक्सऑन म्हणजे सुरू कर. एक्सऑफ म्हणजेच कंट्रोल-एस. विंडोजची सवय असलेला मुलगा सेव्ह करायला कंट्रोल-एस दाबतो आणि पडदा गोठतो. कंट्रोल-क्यू दाबायला सांगा. त्याने सुटलं नाही आणि एखादा प्रोग्राम मध्येच पडल्यामुळे अक्षरं दिसत नसतील तर कंट्रोल-जे, मग एसटीटीवाय सेन ही टर्मिनलची सेटिंग ताळ्यावर आणणारी कमांड (दुसरा शब्द एस-ए-एन-ई), मग परत कंट्रोल-जे. एंटर चालत नाही कारण त्या अवस्थेत कॅरेज रिटर्नचं नवी ओळमध्ये रूपांतर होत नाही.

बॅकस्पेस दाबल्यावर टोपी (^) आणि एच अशी अक्षरं उमटली तर टर्मिनल ८ पाठवतंय आणि होस्ट १२७ ची वाट बघतोय. एसटीटीवाय इरेज ने जुळवा. मेन्यूच्या चौकटीच्या जागी इंग्रजी क्यू आणि एक्सच्या रांगा दिसल्या तर टर्मिनल व्हीटी१०० च्या रेघांच्या अक्षरसंचावर जातच नाहीये. टर्म हे व्हेरिएबल आणि एम्युलेटरची सेटिंग एकमेकांशी ताडा. आणि पोर्टवर लॉगिन दाखवणारा गेट्टी हा प्रोग्राम चालू असताना त्याच पोर्टला दुसऱ्या मशीनचा गेट्टीवाला पोर्ट जोडू नका. दोघं एकमेकांचे लॉगिन प्रॉम्प्ट यूजरनेम समजून रात्रभर उत्तरं देत बसतात.

राहिला टर्मिनल सर्व्हर. जुन्या फायलीत त्याचा अर्थ एका बाजूला आठ-सोळा सिरियल पोर्ट आणि दुसऱ्या बाजूला इथरनेट असलेला डबा. डेकचे असे डबे लॅट नावाचा प्रोटोकॉल बोलायचे, त्याला नेटवर्कचा थरच नाही, म्हणून तो राउटरपलीकडे जात नाही, ब्रिजमधूनच न्यावा लागतो. विंडोजच्या जगात तोच शब्द रिमोट डेस्कटॉपच्या सर्व्हरला वापरला गेला, पोर्ट ३३८९, त्याचा सिरियलशी काहीही संबंध नाही. व्हेंडरला फोन करताना ‘सिरियल पोर्टवाला’ असं आधीच म्हणा. हा डबा उलटाही वापरता येतो: नेटवर्कवरून टेलनेट करून एखाद्या सिरियल पोर्टला लागलेल्या मशीनच्या कन्सोलवर जायचं. त्याला रिव्हर्स टेलनेट म्हणतात. सिस्कोच्या २५०९ आणि २५११ राउटरांवर लाइन क्रमांकात २००० मिळवले की पोर्ट मिळतो, पाचव्या लाइनसाठी २००५. जोडणी नाकारली गेली तर बहुतेक वेळा आधीचं कुणाचं तरी सेशन त्या लाइनवर बसलेलं असतं. राउटरवर जाऊन क्लिअर लाइन ५ करा आणि परत लावा.